खाड्याचे सहा शिलिंग

आमच्या वस्तीच्या कबड्डी मंडळाचा गेला मोसम वाईट गेला. संघ वाईट नव्हता. चढाईला एक पोरगा असा होता, की पाटीला पाय लावून परत येईपर्यंत बघणाऱ्यांचाच दम कोंडायचा. पण उपांत्य सामना पडला बुधवारी दुपारी. पोरगा कंत्राटदाराकडे रोजंदारीवर. आदल्या रात्री बुद्धविहाराच्या पायरीवर बसून तो आम्हाला म्हणाला, "काका, खेळलो तर रोज बुडतो. आणि या महिन्यात दुसरा खाडा झाला, तर मुकादम नावच काढतो."

आम्ही गप्प बसलो. त्याच्या घरी आई, लहान बहीण आणि भाड्याची खोली. दुसऱ्या दिवशी आम्ही सहा जणांवर खेळलो आणि हरलो. संध्याकाळी तो कामावरून तसाच मैदानावर आला. चुना पुसलेला, माणसे पांगलेली. बराच वेळ तो कोणाशी बोलला नाही.

मंडळाच्या बैठकीत कोणी म्हणाले, पोरात निष्ठा नाही. कोणी म्हणाले, खेळ हा हौसेचा असतो, त्यात पैशाचे काय? हा दुसरा शब्द आमच्या मनात काट्यासारखा राहिला. हौस! ही हौस कोणाला परवडते? या प्रश्नाचा शोध घेता घेता आम्ही जाऊन पोचलो थेट इंग्लंडातल्या गिरणगावात, सव्वाशे वर्षांहून मागे. तिथल्या कामगारांच्या रग्बी संघांवर हाच प्रसंग आला होता. त्यांनी काय केले, त्यांना काय सोसावे लागले, हे आपल्या वाचकांनी, विशेषतः खेळणाऱ्या मुलामुलींच्या आईवडिलांनी जाणून घ्यावे, म्हणून हा लेख.

लांबट चेंडू आणि शनिवारची दुपार

रग्बी आपल्याकडे फारशी ओळखीची नाही. चेंडू लांबट, पपईसारखा. तो हातात घेऊन पळायचे आणि समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. समोरचे अंगावर येऊन पकड करतात. आपल्या कबड्डीच्या पोरांना हा भाग शिकवावा लागणार नाही. एक नियम मात्र आगळा आहे. चेंडू घेऊन पुढे पळायचे, पण साथीदाराला हाताने तो द्यायचा झाला तर मागेच द्यायचा, पुढे फेकायचा नाही.

या खेळाची सर्वोच्च संस्था, रग्बी फुटबॉल युनियन, लंडनमध्ये १८७१ साली स्थापन झाली. पहिले सभासद होते २१ क्लब. बहुतेक मंडळी मोठ्या फीच्या निवासी शाळांतून शिकलेली. वकील, व्यापारी, जमीनदारांची मुले. पण बघता बघता हा खेळ उत्तरेकडे यॉर्कशायर आणि लँकेशायरमध्ये पसरला. तिथे लोकरीच्या, सुताच्या गिरण्या आणि कोळशाच्या खाणी. तिथले विणकर, खाणकामगार, गोदीतले हमाल हा खेळ खेळू लागले आणि बघायला हजारो माणसे जमू लागली.

कामगाराला खेळायला वेळ कुठून मिळाला? मालकाच्या दयेतून नाही. कामाचे तास कमी व्हावेत म्हणून तिथल्या कामगारांनी वर्षानुवर्षे झगडा केला. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या बायकामुलांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबवावे असे ठरले. बायकामुले थांबली की गिरणीच थांबे, म्हणून पुरुषांनाही शनिवारची दुपार मिळाली. या दुपारीच तिथले मैदानी खेळ वाढले.

आपल्याकडे काय वेगळे घडले? मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. महात्मा जोतिराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना संघटित केले, सभा घेतल्या, अर्ज केले. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे परमपूज्य बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना फॅक्टरी कायद्यातल्या दुरुस्तीचे काम झाले आणि १९४६ मध्ये आठवड्याचे ४८ तास कायद्यात आले. आज रविवारी आपली पोरे मैदानात उतरतात. त्या रविवारामागे एक सत्यशोधक उभा आहे, हे त्यांना घरी सांगितले पाहिजे.

गिरणीच्या सावलीतला संघ

यॉर्कशायरमधल्या ब्रॅडफर्ड शहरात मॅनिंगहॅम नावाची वस्ती आहे. तिथे सॅम्युअल कन्लिफ लिस्टर नावाच्या मालकाची रेशमाची प्रचंड गिरणी होती. तिच्या चिमणीची उंची २४९ फूट. आजही ती चिमणी उभी आहे. याच वस्तीत मॅनिंगहॅम रग्बी क्लब १८८० साली निघाला आणि १८८६ मध्ये व्हॅली परेड या मैदानावर आला.

१८९० च्या डिसेंबरात, नाताळ तोंडावर असताना, मालकाने मखमल विणणाऱ्यांच्या मजुरीत मोठी कपात जाहीर केली. कारण दिले अमेरिकेने वाढवलेल्या जकातीचे. कामगारांनी काम बंद केले. सुमारे पाच हजार कामगार, त्यात बहुसंख्य बाया आणि मुली. तो संप भर हिवाळ्यात चालला. १८९१ च्या एप्रिलमध्ये सभा बंद पाडायला पोलीस आले, मग लष्कर आले. एप्रिलच्या अखेरीस उपाशी पोटांनी संप मोडला.

वाचकहो, १९८२ चा मुंबईचा संप ज्या घरांनी पाहिला, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. पण एक फरक विसरता कामा नये. ब्रॅडफर्डच्या विणकरणींची मजुरी कापली गेली. आमच्या आजोबांना तर मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात शिरूच दिले जात नव्हते. का, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याने इतर कामगार बाटत! जास्त मजुरीचे खाते स्पृश्यांना आणि कमी मजुरीचे आम्हाला. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. मालक लुटतो हे खरे, पण शेजारी उभा असलेला कामगारही दार अडवतो, हे त्यांनी दाखवून दिले.

मॅनिंगहॅमचा संप हरला, पण वाया गेला नाही. पोटाचा लढा राजकारणाशिवाय जिंकता येत नाही, हा धडा कामगारांनी घेतला. त्याच मे महिन्यात तिथे कामगारांची स्वतःची राजकीय संघटना उभी राहिली आणि जानेवारी १८९३ मध्ये ब्रॅडफर्डमध्येच इंडिपेंडंट लेबर पार्टी या पक्षाची स्थापना झाली. १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. दोन्ही नावे शेजारी ठेवून वाचावीत.

'हौशी' म्हणजे कोण?

आता रोजाकडे येऊ. शनिवारी दुपारी सुट्टी झाली तरी परगावचा सामना असला, की सकाळीच गाडी धरावी लागे. म्हणजे सकाळची पाळी बुडाली. सामना मधल्या वारी असला तर अख्खा दिवस गेला. हाड मोडले तर कित्येक आठवडे गेले. साध्या मजुराची आठवड्याची कमाई वीस-पंचवीस शिलिंगांच्या आसपास. त्यातून एक दिवस गेला, की घरच्या पावाला कात्री. वकिलाच्या मुलाला हा प्रश्नच नव्हता. तो गैरहजर राहिला म्हणून त्याचा कोणी खाडा मांडत नव्हते.

इकडे मैदानावर तिकिटे लावून क्लबच्या गल्ल्यात पैसा येत होता. प्रेक्षक कामगार, खेळणारे कामगार. मग ज्याच्या खेळावर गल्ला भरतो, त्याचा बुडालेला रोज तरी त्यातून भरून द्या, एवढेच उत्तरेकडचे क्लब म्हणत होते. पगार नको, बक्षीस नको, फक्त खाड्याची भरपाई. इंग्रजीत या मागणीला 'ब्रोकन टाइम' म्हणत, म्हणजे मोडलेला वेळ. आपल्या गिरणगावच्या भाषेत खाडा.

लंडनचे धुरीण म्हणाले, नाही. एक पैसा घेतला तरी खेळाडू बाटला. तो 'हौशी' राहिला नाही. ज्याला खेळणे परवडत नाही त्याने खेळू नये, असाच त्यांचा एकूण सूर होता.

हा हौशी शब्द त्या देशात किती विषारी होता, याचा एक दाखला देतो. १८७९ मध्ये हेन्ली इथल्या प्रसिद्ध नौकाशर्यतीने हौशी कोण याची व्याख्या केली. मजुरी घेऊन हाताने काम करणारा कारागीर किंवा मजूर हा हौशी धरला जाणार नाही, असे त्यात स्पष्ट होते. त्याने वल्हवण्याचे पैसे घेतले नसले तरीही! खेळात पैसे घेतले की नाही हा मुद्दाच नव्हता. तू कष्टकरी आहेस, हाच तुझा गुन्हा. क्रिकेटमध्ये 'जंटलमेन' आणि 'प्लेअर्स' असे दोन वर्ग होते. एकाच संघात खेळत असूनही कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरायची दारे वेगळी, नाव छापण्याची रीतही वेगळी. १९६२ पर्यंत हा भेद टिकला होता.

वेगळी दारे, वेगळ्या खोल्या! हे वाचताना आम्हाला पळवणकर बाळू आठवले. चांभार समाजात जन्मलेला हा थोर गोलंदाज पुण्यात महिना चार रुपयांवर साहेबांच्या जिमखान्यात मैदानाची देखभाल करीत होता आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत होता. हिंदूंच्या संघात घेतल्यावर मैदानात त्याच्या हातचा चेंडू सगळ्यांना चालत असे, चहा मात्र त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना, १९२३ मध्ये. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्याच विरुद्ध उभे राहिले आणि हरले, हा इतिहास आहे. तरी मैदानावरच्या अपमानाला त्यांनी चेंडूने दिलेले उत्तर आपण विसरू नये.

अर्थात इंग्लंडचा वर्गभेद आणि इथली अस्पृश्यता एकच, असे आम्ही म्हणत नाही. ब्रॅडफर्डच्या मजुराला गावच्या पाणवठ्यावर कोणी अडवत नव्हते. त्याच्या मुलाला मोठे होऊन वकील बनता आले तर जंटलमेनांच्या दारातून आत जाता येत होते. आमचे आजोबा काहीही बनले असते तरी दार बंदच राहिले असते. पण कष्टाला हीन मानायचे आणि कष्टकऱ्याने पायरीने राहावे म्हणून नियम करायचे, ही युक्ती दोन्हीकडे ओळखू येते.

२८२ विरुद्ध १३६

२० सप्टेंबर १८९३ रोजी लंडनमध्ये युनियनची सर्वसाधारण सभा भरली. यॉर्कशायरच्या प्रतिनिधींनी ठराव मांडला, की खेळाडूचा खराखुरा बुडालेला रोज भरून द्यायला परवानगी असावी. उत्तरेकडची मंडळी खास गाडीने सभेला आली होती. मतदान झाले. ठरावाच्या बाजूने १३६, विरुद्ध २८२.

येथे थांबले नाहीत. क्लबांवर चौकशा सुरू झाल्या. हडर्सफील्ड १८९३ मध्ये, आणि पुढच्या वर्षी लेह, सॅल्फर्ड व विगन हे क्लब निलंबित झाले. नवे नियम आले ते असे, की ज्याच्यावर आरोप होईल त्यानेच आपण निर्दोष असल्याचे सिद्ध करायचे. निलंबित क्लबचे सामने बंद, सामने बंद म्हणजे गल्ला बंद, आणि मैदानाचे भाडे चालूच.

२९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेकडच्या क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी युनियन सोडली. नवी संस्था काढली, नाव 'नॉर्दर्न युनियन'. पहिल्या मोसमात २२ क्लब उतरले. नियम केला, की बुडालेल्या दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग द्यावेत. सहा शिलिंग! एवढ्यासाठी एका देशातला एक खेळ दुभंगला.

लंडनवाल्यांनी उत्तर दिले बहिष्काराने. नॉर्दर्न युनियनमध्ये खेळलेल्या माणसाला पुन्हा आमच्या मैदानावर जागा नाही, जन्मभर नाही. बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्या समाजाला शब्दकोशात बघावे लागत नाही.

जिंकलेला मोसम आणि रिकामा गल्ला

त्या पहिल्या मोसमात, १८९५-९६ मध्ये, प्रत्येक क्लबने बाकी एकवीस क्लबांशी दोन-दोन सामने खेळायचे ठरले. म्हणजे ४२ सामने. थंडी, चिखल, रेल्वेचा प्रवास आणि सोमवारी सकाळी पुन्हा भोंगा. मॅनिंगहॅमने त्यातले ३३ जिंकले. शेवटचा सामना हन्स्लेटला होता. तो जिंकला तरच अजिंक्यपद, नाही तर हातचे जाणार. एका उडत्या फटक्याचे चार गुण मिळाले आणि सामना ४-० असा खिशात आला. मॅनिंगहॅमचे गुण झाले ६६, हॅलिफॅक्सचे ६५. पाच वर्षांपूर्वी ज्या वस्तीत संप चिरडला होता, त्याच वस्तीचा संघ एका गुणाने पहिला आला.

वाचकहो, गोष्ट इथे संपली असती तर किती बरे झाले असते! पण खरा कठीण काळ जिंकल्यावर सुरू झाला. सामने जास्त, प्रवास जास्त, तितकी भरपाईही जास्त. शहरात दुसरा मोठा रग्बी क्लब होता, त्याच्याकडे मैदान चांगले आणि पैसेवाले पाठीराखे. चांगले खेळाडू आणि प्रेक्षक तिकडे ओढले जात. १८९८ मध्ये नॉर्दर्न युनियनने खेळाडूला पैसे घ्यायला उघड मुभा दिली, पण अट घातली की त्याच्याकडे रीतसर नोकरी असलीच पाहिजे. दारूच्या गुत्त्यात वाढप्याचे काम चालणार नाही, बिलियर्डच्या टेबलावर गुण मांडण्याचे काम चालणार नाही. म्हणजे काम सुटले की खेळही सुटला. ही अट १९०५ पर्यंत होती. कामगारांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या संस्थेनेही कामगारावर पूर्ण विश्वास टाकला नाही, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

सात वर्षांत मॅनिंगहॅम मागे पडला. कर्ज झाले. क्लब वाचवायला वस्तीने जत्रा भरवली, तिरंदाजीच्या स्पर्धा घेतल्या, पैसे उभे केले. पैसे जमलेही. पण १९०३ च्या मे महिन्यात सभासदांनी बैठक घेऊन जड मनाने निर्णय केला, की रग्बी सोडून फुटबॉल खेळायचे. पहिला अजिंक्य संघ आठव्या वर्षी खेळातूनच उठला. त्या जागी ब्रॅडफर्ड सिटी हा फुटबॉल क्लब उभा राहिला. मैदान तेच, व्हॅली परेड. अंगरख्याचे रंगही तेच, किरमिजी आणि पिवळा. ते आजतागायत आहेत.

कोणी म्हणेल, मग हरलेच की. आम्ही तसे म्हणत नाही. मॅनिंगहॅमचा क्लब गेला, त्यांनी उघडलेले दार बंद झाले नाही. नॉर्दर्न युनियनचा खेळ वाढला, १९०६ मध्ये त्याने पंधराऐवजी तेरा खेळाडूंचा संघ केला, आणि आज तो 'रग्बी लीग' या नावाने जगभर खेळला जातो. याच खेळात कार्डिफचे कृष्णवर्णीय खेळाडू क्लाइव्ह सलिव्हन यांनी १९७२ मध्ये ग्रेट ब्रिटनचे नेतृत्व केले आणि विश्वचषक जिंकून आणला. ज्यांना दुसरीकडे दार बंद होते, अशांना या कामगारांच्या खेळात जागा मिळाली.

आणि बहिष्कार घालणाऱ्यांचे काय झाले? २६ ऑगस्ट १९९५ रोजी, जॉर्ज हॉटेलच्या बैठकीला शंभर वर्षे पुरी व्हायला तीन दिवस असताना, जुन्या रग्बीच्या जागतिक मंडळाने पॅरिसमध्ये जाहीर केले, की यापुढे खेळाडूला पैसे द्यायला हरकत नाही. शंभर वर्षे ज्याला पाप म्हटले तेच पुण्य झाले. ज्यांना जन्मभर बंदी घातली होती, ते तोवर मरून गेले होते.

साहेबांच्या क्लबची अडचण

अडचणीचा मोसम श्रीमंतांच्या क्लबांवरही येतो. तो कसा असतो, याचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. १८७३ मध्ये कलकत्त्यात गोऱ्या साहेबांनी रग्बीचा क्लब काढला. चार वर्षांत तो ओस पडू लागला. कारणे काय? पलटणी दुसरीकडे गेल्या, साहेबांना टेनिस आणि पोलो आवडू लागले, आणि क्लबातली फुकटची दारू बंद झाली! क्लब मोडायचा ठरला तेव्हा बँकेत पैसे शिल्लक होते. ते चांदीच्या रुपयांत काढून, २७० रुपये वितळवून एक देखणा करंडक केला. नागांच्या आकाराच्या तीन मुठी, झाकणावर हत्ती. १८७८ मध्ये तो इंग्लंडला दिला. कलकत्ता कप या नावाने इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्यासाठी खेळतात.

एका क्लबाला उरलेल्या रुपयांचे काय करावे हा प्रश्न. दुसऱ्या क्लबाला सहा शिलिंग कुठून आणावेत हा प्रश्न. इतिहासात करंडक चकाकतो. सहा शिलिंगांची गोष्ट शोधून काढावी लागते.

आणखी एक गंमत. १८९५ मध्येच, कामगार वेगळे झाले त्याच वर्षी, रग्बी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी खेळाच्या उगमाचा शोध घ्यायला समिती नेमली. दोन वर्षांनी निष्कर्ष आला, की १८२३ मध्ये विल्यम वेब एलिस नावाच्या त्यांच्या शाळेतल्या मुलाने चेंडू उचलून पळ काढला आणि खेळ जन्मला. पाहणारा साक्षीदार एकही नाही. सगळी ऐकीव गोष्ट. खुद्द एलिस १८७२ मध्येच वारला होता. तरी आज विश्वचषकाला त्याचे नाव आहे. आपला हक्क सांगायचा झाला की उगमाची दंतकथा रचायची, ही विद्या फक्त आपल्याकडच्या पोथ्यांतच होती असे नाही.

आपल्या अंगणात

आता आपल्या वस्तीकडे येऊ. २०१४ पासून कबड्डीची मोठी लीग सुरू झाली, खेळाडूंवर बोली लागू लागली. २०२५ मध्ये मुंबईत रग्बीचीही तशी लीग झाली. आनंद आहे. पण दिव्याखाली चमकणारे खेळाडू थोडे. वस्तीच्या मंडळातून खेळणारी हजारो पोरे आजही तिथेच उभी आहेत, जिथे १८९३ चा विणकर उभा होता. त्यांचा खाडा कोण भरून देतो? माल पोचवणाऱ्या पोराला रजा नसते. कंत्राटी सफाई कामगाराला रजा कागदावर असते. पकडीत खांदा निखळला, तर रुग्णालयाच्या रांगेत आई उभी राहते आणि तिचाही रोज बुडतो.

मुलींचे तर आणखी अवघड. मुलगा खेळला तर त्याचा रोज बुडतो. मुलगी खेळायला गेली तर घरातले पाणी, स्वयंपाक, धाकट्याला सांभाळणे बुडते, आणि त्या कामाला रोजच लावलेला नसल्याने खाडाही कोणी मोजत नाही. मॅनिंगहॅमच्या संपात बहुसंख्य बाया होत्या, पण शनिवारच्या मैदानावर नावे राहिली ती पुरुषांची. आपण ही चूक करू नये. भारताच्या मुलींनी जून २०१९ मध्ये सिंगापूरला हरवून पंधरा जणींच्या रग्बीत देशाला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवून दिला. आपल्या वस्तीतही अशा मुली आहेत. त्यांना संध्याकाळचा एक तास मोकळा करून द्यायचा आहे.

म्हणून आमची मंडळांना आणि कुटुंबांना काही सांगणी आहेत.

भीमजयंतीला आपण वर्गणी काढतो. ध्वनिक्षेपकाच्या भिंतीवर किती जातात, याचा हिशेब ज्याने त्याने मांडावा. त्यातला ठरावीक भाग बाजूला काढून प्रत्येक मंडळाने 'खाडा निधी' ठेवावा. सामन्यासाठी ज्याचा खरोखर रोज बुडाला, त्याला तो द्यावा, आणि भीक म्हणून नव्हे तर हिशेबाच्या वहीत नोंद करून. सही घ्यावी, वही सर्वांना बघता यावी. वही उघडी राहिली, तरच पुढच्या वर्षी वर्गणी मिळते.

सामने रविवारी किंवा रात्री ठेवा, असे आयोजकांना सगळ्या मंडळांनी मिळून लेखी सांगावे. एकट्या मंडळाचे कोणी ऐकत नाही. हडर्सफील्डच्या बैठकीला एकच क्लब गेला असता, तर त्याचे नाव आज कोणाला ठाऊकही नसते.

जखमी खेळाडूला एकटे सोडू नये. आजारी भिक्खू घाणीत पडलेला पाहून तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, ही कथा आपण विहारात ऐकतो. ज्याची सेवा करायला कोणी नाही, त्याची सेवा संघाने करायची, हा तिचा अर्थ. संघ हा शब्द आपण मंडळाच्या नावापुढे लावतो. तो अर्थासहित लावावा.

आणि आईवडिलांनी मुलांची खेळाची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पण ते मान्यताप्राप्त स्पर्धेच्या आणि पडताळणी झालेल्या प्रमाणपत्रावरच मिळते. गल्लीतल्या करंडकावर मिळत नाही. तेव्हा कोणती स्पर्धा मान्यतेची आहे हे आधी विचारावे. खेळ आणि शाळा यांत एकाचाच बळी द्यायची वेळ आली, तर शाळा सोडू नये. बाबासाहेबांची लेकरे आहोत आपण, हे वेगळे सांगायला नको.

लिस्टरची गिरणी १९९२ मध्ये बंद पडली. ज्या खात्यांत मखमल विणली जात होती, तिथे आता राहायची घरे झाली आहेत. परळ-लालबागला जे झाले, तेच तिथेही झाले. मॅनिंगहॅमच्या त्या पोरांनी किती खाडे केले, किती रोज गमावले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. पण चेंडू पुढे नेणाऱ्याने तो मागच्याच्या हाती द्यायचा, हा त्यांच्या खेळाचा नियम. आपल्यातले जे शिकून नोकरीला लागले, वस्ती सोडून सोसायटीत गेले, त्यांनी हा नियम लक्षात ठेवावा. मागे कोणीतरी हात पुढे करून पळत येत आहे.

आमच्या मंडळाने परवाच्या बैठकीत वही घातली आहे. पहिल्या पानावर एका निवृत्त सफाई कामगार आजीबाईंनी दिलेले पन्नास रुपये आहेत. चढाईच्या त्या पोराने वहीवर नाव वाचले आणि म्हणाला, "काका, सामना कोणत्या वारी आहे?"

जय भीम.